उष्णतेची हमाली

समुद्राचं पाणी ३ अंशांचं. हात बुडवला तर बोटं बधिर होतील असलं. आणि त्याच पाण्यातून उष्णता काढतात आणि शहरातल्या घरांचे रेडिएटर तापवतात! हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जावयांना म्हटलं, "माझी फिरकी घेताय होय?" ते म्हणाले, "नाही हो आई, खरंच. चला, दाखवतो." तेव्हापासून मी भेटेल त्याला धरून हेच सांगत सुटले आहे. बँकेतल्या जुन्या मैत्रिणी सुटल्या नाहीत, कराडच्या आमच्या गल्लीतला गॅस शेगडीवाला सुटला नाही. आता तुमची पाळी.

गाव स्टॉकहोम, महिना फेब्रुवारी. लेकीच्या घराबाहेर उणे दहाच्या खाली थंडी, आणि घरात मी साध्या सुती साडीत. पहिल्याच दिवशी विचारलं, बॉयलर कुठाय? धुराडं कुठाय? इमारतीला धुराडंच नाही. तळघरात भिंतीतून दोन जाड, कापडात गुंडाळल्यासारखे नळ आत आलेले. एकातून शहराचं गरम पाणी येतं, आपली उष्णता इमारतीच्या पाण्याला देतं आणि दुसऱ्या नळातून परत जातं. असे नळ रस्त्यांखालून सगळ्या शहरात पसरलेत. १९५०च्या दशकात हे जाळं घालायला सुरुवात झाली, आणि आज स्टॉकहोमच्या बहुतेक मोठ्या इमारती त्याला जोडलेल्या आहेत. पाणी तापवायचे मार्ग अनेक: कुठं लाकडाचा भुसा जाळतात, कुठं कचरा, कुठं सांडपाण्यातली उष्णता काढतात. आणि एक मार्ग समुद्र. लेकीच्या घरातली सगळी ऊब समुद्राची होती असं मी म्हणणार नाही. पण तिच्यात समुद्राचा वाटा होता, एवढ्यानंच माझी झोप उडाली.

मेट्रोच्या लाल मार्गाचं शेवटचं स्टेशन रोप्स्टेन. तिथं उतरलं की समोर लिडिंग्यो बेटाकडे जाणारा पूल आणि खाली बाल्टिक समुद्राचा एक अरुंद फाटा. त्या काठावर जगातल्या सगळ्यांत मोठ्या समुद्र-पाण्याच्या हीट पंप केंद्रांपैकी एक आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर उभं राहिलेलं, सहा यंत्रांचं, मिळून सुमारे १८० मेगावॉट उष्णता देण्याची ताकद असलेलं. मेगावॉट म्हटलं की माझ्या डोक्यात काही उमटत नाही, म्हणून तिथंच मोबाइलवर भागाकार केला: आपल्या न्हाणीघरातले दोन किलोवॉटचे गिझर घेतले तर नव्वद हजार! नव्वद हजार गिझर एकदम चालू, आणि त्यांना उष्णता कोण पुरवतंय, तर हा शिसवी रंगाचा, कडेला बर्फ साचलेला समुद्र.

आणि जागा तरी कशी बघा. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर यूर्टहागनचा जुना गॅस कारखाना आहे. लाल विटांच्या देखण्या इमारती, १८९३ सालच्या. तिथं दगडी कोळशापासून शहरासाठी गॅस बनायचा. जवळच वार्तान बंदरातलं औष्णिक केंद्र, तिथं कोळसा जळायचा. तो २०२० मध्ये कायमचा बंद झाला. एकाच किनाऱ्यावर सव्वाशे वर्षांचा इंधनाचा इतिहास, आणि त्याच्याच शेजारी इंधनाऐवजी समुद्रावर चालणारी यंत्रं! मी पुलाच्या कठड्याला धरून उभीच राहिले. जावई म्हणाले, "आई, गार वारा लागेल." मी म्हटलं, "लागू द्या. आधी मला हे सांगा, ३ अंशांच्या पाण्यात उष्णता येते कुठून?"

आणि मग जे कळलं ते ऐका. ३ अंश म्हणजे थंड, हे आपल्या कातडीचं मत. आपण ३७ अंशांचे, म्हणून आपल्याला ते गार लागतं. पण अंश मोजायची सुरुवात पाणी गोठतं तिथून करायची हा माणसांनी सोयीसाठी केलेला करार आहे. थंडीचा खरा तळ उणे २७३ अंशांवर. त्या तळापासून मोजलं तर बाल्टिकचं हे पाणी २७६ पायऱ्या वर आहे आणि आपलं ८० अंशांचं कढत पाणी ३५३ पायऱ्यांवर. बर्फगार समुद्रसुद्धा उष्णतेनं भरलेला आहे! कमी आहे ती उंची, साठा नव्हे.

साठा किती, तोही हिशेब करून पाहिला. आपल्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तेवढ्या पाण्याचं तापमान नुसतं दोन अंशांनी उतरवलं तर त्यातून सुमारे २.३ युनिट उष्णता बाहेर पडते. म्हणजे दोन किलोवॉटचा गिझर तासाभराहून अधिक वेळ चालावा एवढी. दोनच अंश! ५ अंशांचं पाणी ३ अंशांवर आलं तर माशालाही फारसं कळणार नाही, आणि तेवढ्यात एका कुटुंबाच्या आंघोळी उरकतील. आता टाकीच्या जागी समुद्र ठेवा. रोप्स्टेनची सगळी यंत्रं पूर्ण ताकदीनं चालली आणि पाणी अडीच अंशांनी गार केलं, तर दर सेकंदाला साधारण अकरा-बारा हजार लिटर पाणी त्यातून जायला हवं. आपल्याकडे दुष्काळात गावाला येणारा पाण्याचा मोठा टँकर असतो, तेवढं. दर सेकंदाला एक टँकर! आणि त्यातला एक थेंब खर्च होत नाही. पाणी येतं, थोडी उष्णता देतं, समुद्रात परत जातं.

पण उष्णता वरून खाली वाहते. गरमाकडून थंडाकडे. ३ अंशांचं पाणी ८० अंशांच्या पाण्याला आपणहून काहीच देणार नाही. इथं जी युक्ती आहे तिच्यावर माझा जीव जडला. समुद्राकडून उष्णता घ्यायची तर समुद्राहून थंड काहीतरी त्याच्यासमोर धरायला हवं, मग समुद्र मुकाट्यानं देतो. ते थंड काहीतरी म्हणजे रेफ्रिजरंट. आपल्या कितीतरी फ्रिजमध्ये आणि मोटारींच्या एसीत असतो तो आर-१३४ए घ्या. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. त्याच्यावर सुमारे तिप्पट दाब ठेवला तर शून्याच्या आसपास उकळतो. म्हणजे ३ अंशांचं समुद्राचं पाणी त्याच्या दृष्टीनं चांगलं तापलेलं! ते पाणी पत्र्याच्या एका अंगानं वाहतं, दुसऱ्या अंगाला रेफ्रिजरंट खळखळा उकळतो. बर्फगार समुद्राच्या धगीवर उकळतो!

उकळायला लागलेली उष्णता आता त्याच्या वाफेत आहे. मग येतो कॉम्प्रेसर. तो ती वाफ दाबतो, दाबली की वाफ तापते. दाब मोकळ्या हवेच्या पंचवीसेक पटींवर नेला की तीच वाफ ८० अंशांच्या आसपास पुन्हा द्रव व्हायला तयार होते. द्रव होताना उकळताना घेतलेली सगळी उष्णता आणि वर कॉम्प्रेसरनं घातलेली भर, दोन्ही ती शहराच्या पाण्याला देऊन टाकते. मग हा द्रव एका अरुंद झडपेतून सोडतात, दाब कोसळतो, तो पुन्हा गारठतो आणि पुन्हा समुद्रासमोर जाऊन उभा राहतो. उकळ, दाब, निव, सोड. उकळ, दाब, निव, सोड. एवढंच! जळत काहीच नाही. ठिणगी नाही, धूर नाही, राख नाही.

"हे तर फ्रिजसारखंच झालं," मी म्हटलं. जावई हसले. "सारखं नाही आई, फ्रिजच आहे." आणि खरंच की! फ्रिजच्या पाठीमागे हात लावला तर गरम लागतो. ती उष्णता आतल्या दुधाची, भाजीची, कालच्या आमटीची. फ्रिज गारवा बनवत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. चाळीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात हीट पंप चालू होता आणि मी त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवत होते.

आता पैशांचं. मी बँकेत आयुष्य काढलेली बाई, खर्च विचारल्याशिवाय माझा उत्साह पूर्ण होत नाही. मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा गाडीतून गोदामात न्यायच्या तर हमाल लागतो. हमालाला हमाली द्यायची, गुळाची किंमत नाही द्यायची, कारण गूळ त्यानं केलेला नाही, फक्त वाहिलेला आहे. हीट पंपाचं विजेचं बिल ही हमाली आहे. माल समुद्राचा, फुकट. गिझर मात्र एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता बनवतो, त्याहून जास्त त्याला कधीच जमणार नाही. रोप्स्टेनसारखा पंप एक युनिट वीज घेतो आणि तीन युनिटांच्या आसपास उष्णता पोचवतो. दोन समुद्राची आणि एक त्या विजेचीच, कारण हमालाच्या घामाची ऊबसुद्धा मालात जमा होते. एकाला तीन! असा व्याजदर सांगत कोणी बँकेत आलं असतं तर मी पोलीस बोलावले असते. पण इथं कुणाची फसवणूक नाही. ऊर्जा कुठूनही निर्माण झालेली नाही, जागची हलली आहे.

आणि हमाली ठरते मजल्यावर. तळमजल्यावर ढेप ठेवायची तर कमी, तिसऱ्या मजल्यावर चढवायची तर जास्त. उष्णतेचंही तसंच, अगदी आकड्यांत! भौतिकशास्त्र एक कमाल मर्यादा सांगतं: जिथं पोचवायची ते तापमान, भागिले चढ. ते तापमान त्या उणे २७३च्या तळापासून मोजायचं. ३ अंशांवरून ८० अंशांवर चढवायचं तर ३५३ भागिले ७७, म्हणजे साडेचारच्या थोडं वर. एका युनिटाला साडेचार ही निसर्गाची शेवटची बोली. घर्षण, गळती सगळं धरून प्रत्यक्षात तीनच्या आसपास पदरी पडतात. तीच उष्णता उणे १५च्या हवेतून काढायची ठरवली तर चढ ९५ अंशांचा, आणि निसर्गाची बोली पावणेचारांपेक्षाही खाली. उलट घरात फरशीखाली नळ्या घालून ३५ अंशांच्या कोमट पाण्यावर भागवलं तर? ३०८ भागिले ३२. साडेनऊच्या वर! मी हा भागाकार दोनदा करून पाहिला. चढ कमी करा, हमाली कोसळते. सगळी मेख ह्या एका ओळीत आहे.

म्हणूनच पाणी हवं. हिवाळ्यात हवा उणे पंधरा-वीसवर जाते, नेमकी तेव्हा जेव्हा उष्णता सगळ्यांत जास्त हवी असते. पाणी इतकं खाली जाऊच शकत नाही, त्याआधी गोठतं. आणि बर्फ हलका, तो वर तरंगतो, खालचं पाणी द्रवच राहतं. म्हणून रोप्स्टेनला उन्हाळ्यात पृष्ठभागाचं कोमट पाणी घेतात आणि हिवाळ्यात पंधरा मीटर खोलीवरचं, कारण तिथं ते ३ अंशांच्या आसपास टिकून असतं. शिवाय घनमीटरला घनमीटर तोलला तर पाण्यात हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता मावते. हवेतून तेवढीच उष्णता काढायची तर किती अजस्र पंखे लागतील!

हे ऐकताना मला आमच्या मळ्यातली विहीर दिसायला लागली. थंडीत पहाटे मोट सोडायला गेलं की विहिरीतून वाफा निघताना दिसायच्या, पाणी कोमट लागायचं. आणि वैशाखात त्याच विहिरीचं पाणी प्यायलं की जीव थंड व्हायचा. आजी म्हणायची, विहिरीला ऋतू उलटे कळतात. विहिरीला ऋतू कळतच नाहीत! जमिनीच्या पोटात काही मीटरांवर तापमान वर्षभर जवळजवळ एकच असतं, साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीएवढं. बदलतो तो वरचा वारा आणि आपलं अंग. पाण्याचा हा जो स्थिर स्वभाव आहे, त्याच्यावर ही सगळी यंत्रं उभी आहेत.

बरं, हे काही कालचं शहाणपण नाही. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ सालीच दाखवून दिलं होतं की यंत्रानं बाहेरच्या थंड हवेतून उष्णता उचलून घर तापवता येईल आणि त्याला थेट इंधन जाळण्यापेक्षा कमी ऊर्जा लागेल. १८५२! आपल्याकडे अजून पहिली प्रवासी आगगाडी धावायची होती. आणि १९३८ मध्ये झुरिकच्या टाउन हॉलमध्ये हीट पंप बसला. तो हॉल सतराव्या शतकाच्या शेवटचा, लिमाट नदीच्या पात्रातच पाय रोवून उभा. एशर वीस ह्या तिथल्याच कंपनीचं यंत्र, नदीच्या पाण्यातून उष्णता घेऊन इमारत तापवणारं आणि उन्हाळ्यात उलट चालून गार करणारं. स्वित्झर्लंडकडे स्वतःचा फारसा कोळसा नाही, पण डोंगरातल्या पाण्याची वीज आहे आणि नद्या आहेत. गरजेनं त्यांना ही वाट दाखवली. ते यंत्र २००१ पर्यंत चाललं. साठ वर्षांहून अधिक! आपला कुठला फ्रिज टिकला एवढा?

स्वीडनचीही गोष्ट गरजेचीच. १९७३ आणि १९७९च्या तेलाच्या भडक्यांनी त्या देशाला चटका बसला, कारण घरं तेलावर तापत होती. त्याच सुमारास १९७२ ते १९८५ मध्ये त्यांच्या बारा अणुभट्ट्या एकेक करून सुरू झाल्या आणि वीज मुबलक झाली. तेल महाग, वीज स्वस्त, समुद्र दारात, आणि उष्णता वाटायला नळांचं जाळं आधीच घातलेलं. चारही गोष्टी एकत्र आल्या आणि रोप्स्टेन उभं राहिलं. मला यातलं जाळं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पंप आज विकत आणता येतो, पण रस्त्याखालचे नळ आधीच्या पिढीनं घालून ठेवलेले असावे लागतात.

थांबा, अजून गंमत पुढेच आहे. मी इतका वेळ तापवण्याबद्दल बोलते आहे. पण उष्णता एकीकडून उचलली म्हणजे ती बाजू गार झाली! मग तो गारवा वाया का घालवायचा? स्टॉकहोमच्याच दक्षिणेला हामारबीला शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून उष्णता काढणारं केंद्र आहे. लोकांच्या आंघोळीचं, भांडी घासल्याचं पाणी, म्हणून ते समुद्रापेक्षा कोमट, आणि म्हणून चढ कमी. त्यातली उष्णता घरांना जाते आणि मागे उरलेलं गार पाणी शहरातल्या कार्यालयांना, दवाखान्यांना, दुकानांना थंड करायला वापरतात. एकाच यंत्राच्या दोन टोकांना दोन गिऱ्हाइकं! फिनलंडमध्ये हेलसिंकीला कात्री वाला नावाच्या बागेखाली, खडकात कोरलेल्या जागेत, २००६ पासून हेच चालतं. वर मुलं खेळताहेत आणि खाली शहराचं सांडपाणी शहराला ऊब आणि गारवा दोन्ही देतंय.

आणि त्यासाठी समुद्रही लागत नाही! मोठ्या ऑफिसच्या इमारतीत काय होतं, बघा. थंडीतल्या दुपारी दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन येतं, तिथली माणसं उकडलं म्हणून कुरकुरतात. मधल्या भागात संगणक, झेरॉक्स मशिन आणि माणसं मिळून उष्णता ओकत असतात. उत्तरेच्या कोपऱ्यातली बिचारी मात्र शाल लपेटून बसलेली. एरवी अशा इमारतीत एका बाजूला एसी चालतो आणि दुसऱ्या बाजूला हीटर, आणि दोघांचं बिल एकाच मालकाला. त्याऐवजी इमारतभर पाण्याचा एकच नळ फिरवतात, साधारण १५ ते ३२ अंशांच्या दरम्यान ठेवलेला. प्रत्येक दालनात एक छोटा हीट पंप. ज्याला गार व्हायचं तो आपली उष्णता नळात टाकतो, ज्याला ऊब हवी तो नळातून उचलतो. दक्षिणेची दुपार उत्तरेच्या कोपऱ्यात पोचते! नळाचं पाणी फारच तापलं तरच बाहेर कूलिंग टॉवरला जायचं, फार गार झालं तरच बाहेरून उष्णता आणायची. एरवी हिशेब घरातल्या घरात मिटतो. स्टॉकहोममध्ये तर संगणकांची मोठी केंद्रं आपली वाया जाणारी उष्णता शहराच्या जाळ्याला विकतात. उष्णता विकतात! आपण तिच्यापासून सुटका व्हावी म्हणून पैसे मोजतो.

लेक म्हणाली, "आई, जरा दम खा. सगळं इतकं छान असतं तर सगळ्यांनीच केलं नसतं का?" रास्त प्रश्न, आणि उत्तरं जावयांकडे होती. खारं पाणी धातू खातं. शिंपल्या-शेवाळ नळांत घर करतात. पाणी शून्याच्या फार जवळ नेलं तर बर्फ धरतो, म्हणून थोडी थोडीच उष्णता काढायची आणि पुष्कळ पाणी फिरवायचं. वीज कोळशाची असेल तर धूर तुमच्या धुराड्याऐवजी वीजघराच्या धुराड्यातून निघतो, फक्त कमी. आणि आर-१३४ए गळून हवेत गेला तर किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त पृथ्वी तापवतो. म्हणून आता पाऊल मागे, जुन्या रेफ्रिजरंटांकडे वळलंय. नॉर्वेतल्या द्रामेन गावात २०११ पासून अमोनियावर चालणारे पंप आहेत, ग्लासगोच्या कंपनीनं बनवलेले. फ्योर्डचं ८ अंशांचं पाणी घेतात, ४ अंशांवर सोडून देतात, आणि गावाला ९० अंशांचं पाणी पुरवतात! जर्मनीत मानहाइमला २०२३ पासून ऱ्हाइन नदीवर २० मेगावॉटचा पंप चालू आहे, साडेतीन हजारांच्या आसपास घरांना पुरेल असा. डेन्मार्कच्या एस्ब्यर्ग बंदरात तर समुद्राच्या पाण्यावरच्या पंपात रेफ्रिजरंट म्हणून चक्क कार्बन डायऑक्साइडच आहे. ज्याच्या नावानं सगळं जग बोटं मोडतंय तो वायू तिथं बंद नळीत हमाली करतोय.

इकडे परत आले ते नजर बदलूनच. आपल्याला घरं तापवायची नाहीत, कबूल. पण गार तर करायची आहेत! नागपूरच्या मे महिन्यात एसी २४ अंशांच्या खोलीतली उष्णता ४४ अंशांच्या हवेत ढकलत असतो. वीस अंशांचा चढ, भर उन्हात. तीच उष्णता २६-२८ अंशांच्या पाण्यात टाकली तर चढ दोन ते चार अंशांवर येतो. प्रत्यक्ष यंत्राला दोन्ही टोकांना थोडं जास्त अंतर ठेवावं लागतं, तरी फरक डोळ्यांत भरण्याइतका. पाणी तापून परत जातं, त्यामुळे कुठल्या तळ्यात किती उष्णता सोडायची याला मर्यादा हवी, माशांचा विचार हवा, आणि उपसून कोरड्या पडत आलेल्या विहिरींवर हा डाव मांडायचा नाही. पण मोठ्या हॉटेलात, मोठ्या दवाखान्यात काय चालतं ते जरा पाहा. गच्चीवर कूलिंग टॉवर, तो इमारतीची उष्णता आकाशात उधळतोय. आणि तळमजल्यावर बॉयलर, तो चादरी धुवायला आणि आंघोळीला पाणी तापवण्यासाठी डिझेल जाळतोय. एकाच इमारतीत, एकाच वेळी! मध्ये एक हीट पंप बसवला की वरची कटकट खालच्याची सोय होते. काही हॉटेलांनी ते सुरूही केलंय.

आणि आता माझा नवा छंद. आमच्या कृष्णाकाठाला साखर कारखान्यांची कमी नाही. गळीत हंगामात रस्त्यानं जाताना कारखान्याच्या आवारात शेकडो कारंजी उडताना दिसतात, तो स्प्रे पाँड. लहानपणापासून मला ती शोभेची वाटायची. ती कंडेन्सरचं तापलेलं पाणी गार करण्यासाठी असतात! रोजच्या रोज, हंगामभर, उष्णता हवेत उडवायची सोय. माझा भाचा एका कारखान्यात केमिस्ट आहे. त्याला फोन लावला, पाणी किती अंशांचं असतं रे? म्हणाला, "चाळीसच्या वर, मावशी. का?" मी भागाकार तयारच ठेवला होता: ४० वरून ८० वर चढवायचं तर ३५३ भागिले ४०, जवळजवळ नऊ! समुद्राच्या जवळपास दुप्पट! तो म्हणाला, "पण मावशी, कारखान्याकडे स्वतःचीच वाफ रग्गड आहे. ही उष्णता घेणार कोण?"

खरा प्रश्न हाच, आणि स्टॉकहोमनं तो पन्नासच्या दशकातच सोडवायला घेतला होता. माल आहे, हमाल आहे, शेजारी गिऱ्हाईक हवं. म्हणून सध्या मी दूध संघाच्या मागे लागले आहे. दूध ४ अंशांवर गार करायचं, ७२ अंशांवर पाश्चराइज करायचं, कॅन आणि टाक्या कढत पाण्यानं धुवायच्या, सगळं एका छताखाली. अमोनियाचे कॉम्प्रेसर तिथं आधीपासून धडधडताहेत, म्हणजे हमाल घरचाच. भाच्यानं सांगितलं, पाश्चरायझरमध्ये तापलेलं दूध गार दुधाला उष्णता देतं, तेवढी बचत तर होतेच. मग बर्फाच्या पाण्याच्या यंत्रणेनं दुधातून काढलेली उष्णता? ती कंडेन्सरमधून बाहेर. आणि धुण्याचं पाणी? ते बॉयलरवर. ऐकून मी खुर्चीतून उठलेच! संघाच्या इंजिनिअरांची वेळ मागितली आहे. तुमच्या गावातही दूध संघ असेल, कोल्ड स्टोरेज असेल, दवाखाना असेल. तिथल्या माणसाला गाठून एवढं एकच विचारा: तुमच्याकडची उष्णता जाते कुठे, आणि गरम पाणी येतं कुठून? दोन उत्तरं वेगवेगळी आली तर मला नक्की कळवा, मी भागाकार करून देते.